जमीन सुटताना

“अजून थोडं वाढव,” रामनाथ ओरडला.

सुदर्शनने इंजिनाचा वेग वाढवायची मूठ पुढे सारली. शेडमागच्या बाभळीला विमानाची शेपटी जाड दोराने बांधली होती, आणि दोराच्या मधोमध कांद्याच्या वखारीतून मागून आणलेला झुलता काटा अडकवला होता. इंजिनाचा आवाज चढला तसा वाळका पाला, प्लॅस्टिकच्या कागदाचे तुकडे, धूळ असं सगळं मागे उधळलं. कोंबड्या कुंपणाखालून पसार झाल्या. रामनाथ पालथा पडून, डोळ्यांवर हात धरून काट्याकडे बघत होता. काटा थरथरला, वर चढला आणि एका जागी थांबला. त्याने हाताने खूण केली तसं इंजिन बंद झालं.

“किती?” सुदर्शनने बसल्या जागेवरूनच विचारलं.

रामनाथने आकडा सांगितला. विमानाच्या माहितीपुस्तकात दिलेल्या ओढीपेक्षा तो चांगलाच कमी होता.

“कांद्याचा काटा हाय त्यो. त्याला काय कळतंय इमानाचं,” असं म्हणत सुदर्शन हसला आणि पट्टे सोडून खाली उतरला.

रामनाथ हसला नाही. आदल्या आठवड्यात त्यांनी याच वखारीच्या मोठ्या काट्यावर विमानाचं वजन केलं होतं. ते पुस्तकापेक्षा जास्त भरलं होतं. म्हणजे वजन जास्त आणि ओढ कमी. मग पळायला जागा पुस्तकात लिहिली तेवढीच कशी पुरेल, हा प्रश्न त्याच्या डोक्यात घुसून बसला होता, आणि तो निघता निघत नव्हता.

रामनाथ वारूळवाडीचा. पॉलिहाऊस उभारायचं काम करायचा. पाईप वाकवायचे, सांगाडा जोडायचा, वर कागद ताणून बसवायचा, यात त्याची उमर गेली होती. सुदर्शनचं घोडेगावात मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. आयटीआयला दोघं एका बाकावर बसलेले, तेव्हापासूनची ही जोडी. विमानाचं वेड मूळचं सुदर्शनचं. घरी बांधायच्या छोट्या विमानाचे नकाशे परदेशातला कोणी माणूस विकतो, हे त्याने मोबाइलवर शोधून काढलं आणि ते मागवले. पाईपचा सांगाडा, कापडाचे पंख, एका माणसापुरती जागा. “तुझ्या पॉलिहाऊसलाच पंख लावायचेत असं समज,” असं सांगून त्याने रामनाथला यात ओढलं. एकाच नकाशावरून दोघांनी दोन विमानं बांधायला घेतली आणि इंजिनंही सारखीच मागवली. सुदर्शनचं आधी झालं. रामनाथच्या विमानाच्या पंखांवर अजून कापड चढायचं होतं.

दोघांपैकी कोणीही आयुष्यात कधी विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं. जे काय शिकले ते कॉम्प्युटरवरच्या खेळात. परवानगीसाठी दोन पत्रं पाठवून झाली होती, उत्तर आलं नव्हतं. जमिनीवर पळवायला कशाला लागते परवानगी, असं दोघं एकमेकांना सांगत, आणि पळवून झाल्यावर पुढे काय, हे बोलायचं टाळत.

नकाशांबरोबर एक पातळ पुस्तक आलं होतं. शेवटच्या पानावर हे विमान किती वेगाने जाईल, किती भराभर चढेल, साठ मीटर पळालं की कसं जमीन सोडेल, याचे आकडे छापले होते. सुदर्शनला ते पान तोंडपाठ होतं. रामनाथने मात्र ते इतक्या वेळा उलटंसुलटं वाचलं की कोपरे मऊ पडले. हे मोजलं कोणी, कुठल्या गावात, चालवणारा किती वजनाचा, हवा थंड की तापलेली, खाली डांबर की गवत, यातलं एक अक्षर तिथे नव्हतं. त्याने विकणाऱ्याला विचारून पाहिलं. आमची शेकडो विमानं उडतायत, एवढंच उत्तर आलं.

“माणूस खोटं कशाला छापंल?” सुदर्शन म्हणायचा.

“खोटं न्हाई म्हणत मी. त्याच्या गावात खरं आसंल.”

“आन् तुला भीती वाटती म्हणून तू रोज नवा आकडा काढतो, हे खोटं का खरं?”

यावर रामनाथ पुस्तक मिटायचा. कारण ते खरं होतं. भीती त्याला वाटत होतीच, आणि ती पुस्तकाच्या फार आधीची होती. एका वैशाखात वळवाचा वारा सुटला, तेव्हा तो एका नव्या पॉलिहाऊसचा कागद बांधत होता. वारा कागदाच्या पोटात शिरला आणि अख्खा सांगाडा पायासकट उपटला. रामनाथच्या हातात पाईप होता. सोडायचं त्याला सुचलं नाही. क्षणभर त्याचे पाय जमिनीवर नव्हते. मग तो चिखलात पडला आणि सांगाडा शेजारच्या द्राक्षबागेत जाऊन आदळला. लागलं काहीच नाही, पण पायांखाली काही नसण्याचा तो क्षण त्याच्या अंगातून कधी गेला नाही. झोप लागता लागता अजूनही त्याचे पाय दचकायचे, आणि वृषाली, त्याची बायको, न बोलता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची.

अशा माणसाने विमान का बांधावं, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. बांधणं त्याला आवडत होतं. उडण्याचा दिवस मात्र शक्य तेवढा लांब राहावा असं वाटायचं. म्हणून आपण आकड्यांवर संशय घेतो तो खरोखर आकडे चुकलेत म्हणून, की तो दिवस ढकलण्यासाठी, हे त्याचं त्यालाच उलगडत नव्हतं.

तो म्हणाला, मे महिन्यापर्यंत थांब. येडगावच्या धरणाचं पाणी मागे सरलं की गाळाचं सपाट मैदान उघडं पडतं, कितीही पळवता येतं. पण तेव्हा नुकती दिवाळी झाली होती आणि धरण काठोकाठ होतं. सुदर्शनला तोवर धीर नव्हता. त्याने घाटमाथ्यावर आहुप्याच्या बाजूला एक सडा, कातळाचं उघडं पठार, बघून ठेवला होता. बहिरू नावाच्या ओळखीच्या माणसाची गुरं तिथं चरायची. विजेच्या तारा नाहीत, झाडं नाहीत, बघ्यांची गर्दी नाही. कोकणातून वारा तोंडावर येतो, त्याने विमान लवकर उचलतं, असा सुदर्शनचा हिशेब होता. आणि सड्याच्या टोकाला कडा होता, सरळ कोकणात उतरणारा.

“वीतभर उचलायचं आन् टेकवायचं,” सुदर्शन म्हणाला. “कड्याच्या लई अलीकडं. तू जागा ठरव. तू म्हणशील तिथं उभा राहा. तिथवर चाकं सुटली न्हाईत तर फडकं हलव, मी इंजिन बंद करतो. शबूद.”

रामनाथला नाही म्हणायचं होतं. पण आपण गेलो नाही तर हा एकटा जाईल आणि फडकं हलवायला कोणीच नसेल, हेही त्याला दिसत होतं. तो हो म्हणाला.

टेम्पोतून सुटे पंख आणि सांगाडा नेला. घाट चढताना रामनाथ मागे पंखांशेजारी बसला होता. प्रत्येक वळणावर कापडाच्या पोटात वारा भरायचा, दोरी कुरकुरायची, आणि तो पंख दोन्ही हातांनी दाबून धरायचा. सड्यावर पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. पाऊस सरून गवत पिवळं पडलं होतं, मांडीला लागेल एवढं उंच. बहिरूने विमान पळवायची वाट विळ्याने कापून ठेवली होती, तरी तिच्या दोन्ही बाजूंना गवत उभंच होतं.

बहिरू पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने विमानाभोवती एक फेरी मारली, पंखाच्या कापडाला बोट लावलं आणि एवढंच विचारलं, “भाऊ, कड्याकडंच पळवायचं व्हय? हिकडून तिकडं का न्हाई?”

सुदर्शनने वाऱ्याचं कारण समजावून सांगितलं. बहिरूने मान डोलावली, पण तो रामनाथकडे बघत होता. रामनाथने नजर खाली घेतली.

त्याने टेप लावून साठ मीटर मोजले आणि तिथे खुणेचा दगड ठेवला. मग पुन्हा तेवढंच पुढे गेला आणि तिथे, पुस्तकातल्या अंतराच्या दुपटीवर, वाटेच्या कडेला उभा राहिला. आणखी पुढे जायला हरकत नव्हती, जागा होती. पण वळून पाहिलं तर कडा त्याला फार जवळ वाटला. कड्यापलीकडे काहीच नव्हतं, नुसती हवा आणि खोल कुठेतरी निळसर झालेलं कोकण. बहिरूने दिलेलं तांबडं फडकं त्याने मनगटाला गुंडाळून घेतलं, कारण ते हातातून सुटेल अशी भीती त्याला वाटू लागली होती.

पलीकडच्या टोकाला इंजिन सुरू झालं. बहिरू गुरं आवरायला बाजूच्या उतारावर गेला.

विमान निघालं. आधी ते फार सावकाश येतंय असं वाटलं, इतकं सावकाश की रामनाथच्या मनात आलं, हे कसलं उडतंय. मग एकाएकी ते मोठं झालं. शेपटी उचलली गेली. साठ मीटरचा दगड मागे पडला. चाकं जमिनीवर होती, ती गवताच्या बुंध्यांवरून उसळत होती, हे त्याला स्वच्छ दिसलं. मग वाट जरा वळली आणि उभं गवत मधे आलं. चाकं दिसेनात. दिसत होता तो फक्त पंख्याचा गरगरता गोल, त्यामागे सुदर्शनचं हेल्मेट, आणि दोन्ही बाजूंना थरथरणारे पांढरे पंख. ते वर येत होते का? की उसळत होते? त्याने डोळे ताणले. पॉलिहाऊसच्या वाऱ्यातलं तेच पुन्हा वाटलं, पाय सुटल्यासारखं.

फडकं हललं. आपण हलवलं हे त्याला नंतर कळलं.

इंजिनाचा आवाज तुटला. विमान त्याच्या समोरून गेलं, हिसके खात, एका बाजूला कलत. डावं चाक कातळाच्या उंचवट्यावर आदळलं, पंख जमिनीला टेकला, आणि सगळं स्वतःभोवती फिरून उलटं झालं. कडा अजून दूर होता. फार नाही, पण होता.

रामनाथ धावला. सुदर्शन पट्ट्यांत उलटा लटकत होता. पेट्रोलचा वास येत होता. पट्टे कापून त्याला बाहेर ओढला तेव्हा उजवा हात मनगटापाशी नको तसा वाकलेला होता. तो ओरडला नाही. रामनाथच्या शर्टाची कॉलर डाव्या हाताने धरून तो म्हणाला, “का हलवलं? उचललं व्हतं मी. राम्या, उचललं व्हतं.”

“न्हाई दिसलं.”

“उचललं व्हतं.”

बहिरू उतारावरून पळत आला. सुदर्शनने त्याला विचारलं, तुला दिसलं का. बहिरू म्हणाला, मी गुरं बघत होतो, आवाज बंद झाल्यावर वर बघितलं.

घोडेगावच्या दवाखान्यात त्यांनी गाडीवरून पडला असं सांगितलं. सुदर्शनची बायको नूतन धावत आली. खरं काय झालं ते तिला सांगावंच लागलं. सगळं ऐकून ती सुदर्शनच्या खाटेपासून उठली. मग बाहेरच्या बाकड्यावर रामनाथपाशी येऊन बसली.

“भाऊजी, तुमी फडकं हलवलं म्हणून कुंकू राह्यलं माझं,” ती म्हणाली.

आतल्या खाटेवरून सुदर्शनने हे ऐकलं असावं. रामनाथ आत गेला तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे फिरवलेलं होतं.

मनगट जुळलं, पण नीट जुळलं नाही. बोटं पूर्ण मिटत नव्हती. मोडक्या विमानाचा सांगाडा नूतनने भंगारात घालायला लावला, आणि पुन्हा या गोष्टीचं नाव घरात काढायचं नाही असं बजावलं. सुदर्शनने ते ऐकलं. पण गॅरेजवर तो बोलायचा. गाडीवरून पडल्याची थाप फार दिवस टिकली नाही. सगळ्या घोडेगावला कळलं, आणि गिऱ्हाइकं मुद्दाम विचारू लागली. तो सांगायचा की एक क्षणभर विमान हवेत होतं. मग समोरच्याने घाबरून फडकं हलवलं. रामनाथचं नाव तो घेत नसे. पण ‘घाबरून’ हा शब्द फिरत फिरत वारूळवाडीला आला.

रामनाथ सुदर्शनच्या गॅरेजवर जायचा थांबला. फोनही हळूहळू बंद झाले. त्याला राग आला नव्हता. त्याला वेगळीच भीती लागली होती. आपण चाकं पाहिलीच नव्हती, हे त्याला माहीत होतं. विमान खरंच उचललं असेल तर? तर मित्राचं विमान, हात आणि आयुष्यभराची हौस आपण आपल्या भित्रेपणापायी मोडली. आणि नसेल उचललं, तर आपण त्याचा जीव वाचवला. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर होतं, आणि कुठलं खरं ते सांगणारं त्या सड्यावर कोणी नव्हतं. कामावर पाईप वाकवता वाकवता त्याचा हात मधेच थांबायचा. जेवताना वृषाली दोनदा हाक मारायची तेव्हा त्याला ऐकू जायचं.

माघात त्याने शेडचं कुलूप काढलं आणि आपल्या विमानाच्या पंखांवर कापड चढवायला घेतलं.

वृषाली दारात येऊन उभी राहिली. “आता कशाला?” तिने विचारलं.

“बघायचंय मला. किती पळतं ते.”

“आन् पळून वर गेलं तर?”

त्याने कापडाची घडी उलगडली. ती शेडमध्ये आली, कापडाचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, “मी येणार. तुमी एकटं जायाचं न्हाई.”

वैशाखात येडगावचं पाणी मागे गेलं. उघड्या पडलेल्या गाळाला वरून कडक पापुद्रा आला होता, त्यावर बगळ्यांच्या पायांचे ठसे उमटले होते. दोघं पहाटे टेम्पोतून विमान घेऊन गेली. पंख लावून होईपर्यंत उजाडलं. वारा जवळजवळ नव्हता. रामनाथने पट्टे आवळले. आवळून झाल्यावर पुन्हा तपासले, आणि पुन्हा. वृषाली बाजूला उभी होती, पदर तोंडाशी धरून.

पहिल्यांदा पळवलं तेव्हा शेपटी उचलताच त्याने इंजिन मंद केलं. हात ऐकेना. दुसऱ्यांदाही तेच झालं. विमान थांबल्यावर तो तसाच बसून राहिला. उतरून घरी जावं, पंख काढावेत आणि कोणाला काही सांगू नये, असं त्याला मनापासून वाटलं. वृषाली चालत आली. तिला वाटलं तो उतरेल. तिने पट्ट्यांकडे हात नेला.

“थांब,” तो म्हणाला. “एकदा.”

तिसऱ्यांदा त्याने मूठ पूर्ण पुढे सारली आणि तिच्यावरचा हात न काढता दात मिटून बसला. गाळाचा पापुद्रा चाकांखाली कडकड फुटत होता. सांगाडा हादरत होता, बूड हादरत होतं, जबडा हादरत होता. साठ मीटरला त्याने काठी रोवली होती, ती केव्हाच मागे गेली. दुसरी काठी दुपटीवर होती. ती आली, गेली, आणि अजून सगळं हादरतच होतं. आता पाणी आडवं येणार असं वाटलं. त्याने विमानाचं नाक वर करायचा दांडा मागे घेतला.

खडखडाट थांबला.

एवढंच झालं. कोणीतरी कान झाकावेत तसं. इंजिन ओरडत होतं, पण खालून येणारं सगळं एकदम नाहीसं झालं. पायांखाली काही नव्हतं. रामनाथच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, हुंदक्यासारखा. त्याने मूठ मागे ओढली. विमान खाली आलं, आदळलं, उसळलं आणि पुन्हा कडकडत पळू लागलं. थांबलं तेव्हा त्याला पट्टे सोडता येत नव्हते. वृषालीने ते सोडले. दोघं गाळावर बसली.

मग तो उठला आणि चाकांच्या खुणांवरून मागे चालत गेला. गाळात पुढच्या चाकांच्या दोन रेघा स्वच्छ उमटल्या होत्या, आणि एका जागी त्या संपत होत्या. पुढे कोरा गाळ होता, लांबवर, आणि मग रेघा पुन्हा सुरू होत होत्या. जिथे त्या संपल्या ती जागा दुसऱ्या काठीच्याही बरीच पुढे होती. त्याचं वजन सुदर्शनपेक्षा कमी. जमीन सड्यापेक्षा कितीतरी सपाट. आहुपं तर याहून उंचावर, हवा आणखी विरळ. तोंडावरचा वारा जमेस धरला तरी एवढी तूट भरत नव्हती. म्हणजे सड्यावर, फडक्यापाशी, सुदर्शनची चाकं सुटणं शक्यच नव्हतं. पुस्तक चुकीचं होतं. त्याने फडकं हलवलं ते बरोबर होतं.

त्याने मोबाइलवर त्या रेघांचे फोटो काढले. कितीतरी महिन्यांनी त्याला मोकळा श्वास आला. त्याच दिवशी दुपारी तो घोडेगावला निघाला. वृषाली म्हणाली, आजच जायला हवं का. तो म्हणाला, आजच.

गॅरेजमध्ये सुदर्शन एका मोटरसायकलपुढे बसला होता. रामनाथला बघून तो उठला नाही, पण पायाने स्टूल पुढे ढकललं. हातकामाची सगळी हत्यारं आता त्याच्या डाव्या बाजूला मांडलेली होती. रामनाथ बसला. काय बोलायचं ते त्याने वाटेत ठरवलं होतं, तरी त्याने आधी इकडचं तिकडचं विचारलं, नूतनवहिनी कशी आहे, धंदा कसा आहे. मग म्हणाला, “मी आज पळवलं. येडगावला.”

सुदर्शनचा हात थांबला. “आन्?”

“उचललं. थोडंसं.”

“तू?”

“मी.”

सुदर्शनने हात चिंधीला पुसला. रामनाथने फोन पुढे केला. काठ्या कुठे होत्या, रेघा कुठे संपल्या, सगळं सांगितलं. पुस्तकातला आकडा कसा आपल्याकडं लागूच नव्हता, तेही सांगितलं. बोलताना त्याचा आवाज भराभर येत होता, आणि त्यात सुटकेचा आनंद होता, तो त्याला लपवता आला नाही. सुदर्शन फोटोकडे बघत होता. बोटांनी मोठा करून रेघांच्या टोकापाशी बराच वेळ बघत राहिला.

“राम्या,” तो शेवटी म्हणाला, “सुटल्यावर कसं कळतं?”

“काय?”

“चाकं सुटली हे. आत बसलेल्याला.”

“खडखड थांबती,” रामनाथ म्हणाला. “एकदम. खालून यायचं ते सगळं बंद होतं. इंजिन चालूच ऱ्हातं, पर खाली काय नसतं.”

“एकदम?”

“एकदम.”

सुदर्शन रस्त्याकडे बघत होता. एसटी गेली, तिची धूळ खाली बसेपर्यंत तो तसाच होता. काहीतरी ऐकायचा प्रयत्न करावा तशी त्याची मान किंचित कलली होती.

“मंग न्हाई,” तो म्हणाला.

त्याने फोन परत दिला. रामनाथने तो घेतला, आणि तेव्हा कुठे त्याला समजलं, आपण स्वतःची सुटका घ्यायला आलो होतो आणि सुदर्शनचा तो हवेतला एक क्षण घेऊन चाललो आहोत. त्याला म्हणावंसं वाटलं की गवतात एखाद्या वेळेस कळत नसेल, वाऱ्यात ऐकू येत नसेल. पण हा मनुष्य इंजिनं ऐकून त्यांचं दुखणं ओळखायचा. त्याला असं काही सांगता येणार नव्हतं.

मोटरसायकलचा मालक पानाच्या टपरीवरून परत आला. त्याच्याबरोबर एक पाहुणा होता. मालकाने पाहुण्याला मोठ्या हौसेने सांगितलं, हेच ते विमानवाले, हवेत गेले होते. मग सुदर्शनला म्हणाला, “सांगा की यांना. आमचं पावणं लांबनं आल्यात.”

“न्हाई उडालं ते,” सुदर्शन म्हणाला. “जिमिनीवरच व्हतं.”

मालक हसला. त्याला ती थट्टा वाटली. “आवो, परवाच तर सांगत व्हता.”

“चुकीचं सांगत व्हतो.”

मालकाचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याने पाहुण्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि दोघं बाहेर सावलीला जाऊन उभे राहिले.

सुदर्शन खाली बसला. प्लगवर पाना लावून त्याने डाव्या हाताने ओढला. पाना निसटला. रामनाथने स्टूलवरून वाकून हात पुढे केला. सुदर्शनने पाना जरासा बाजूला घेतला. रागाने नव्हे. उजव्या हाताची न मिटणारी बोटं इंजिनावर टेकवून त्याने नीट बैठक धरली आणि पाना पुन्हा लावला.